मनगट धरलं की हात सुटत नाही? हाताची ठेवण या क्रमाने तपासा

पंच, ब्लॉक, काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम) सगळं नीट जमणारा विद्यार्थी मनगट सोडवायला उभा राहिला की अडतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघत आलो आहे. समोरचा मनगट धरतो, हा जीव खाऊन ओढतो आणि दोघंही आहेत तिथेच राहतात. मग ‘माझ्यात ताकद कमी आहे’ म्हणून विषय सोडून दिला जातो. ताकद कमी पडल्यामुळे अडलंय असं क्वचितच होतं. हात चुकीच्या कडेने आणि चुकीच्या दिशेने बाहेर काढला जात असतो, आणि कराटे शिकणाऱ्यांच्या बाबतीत त्यामागे एक ठरावीक सवय असते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी लक्षणं बघा. यातलं तुमचं कोणतं?

– जितकं ओढाल तितकी पकड घट्ट होते, हात हलतच नाही.
– हात सुटतो, पण मनगटाची कातडी सोलवटते किंवा मनगटाच्या पाठीवर लाल पट्टा उमटतो.
– सावकाश सरावात सुटतो. समोरच्याने खेचायला सुरुवात केली की सुटत नाही.
– एका प्रकारची पकड सुटते, दुसऱ्या प्रकारची नाही.
– हात सुटतो, पण आपण मागे कलंडतो आणि समोरचा लगेच परत धरतो.
– दुसऱ्या दिवशी खांदा किंवा मनगट दुखतं.

तपासायला लागण्यापूर्वी दोघांनीही घड्याळ, कडं, धागे काढून ठेवा आणि नखं कापा. पकडणाऱ्याची वाढलेली नखं मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीत रुततात. दुखलं की दोनदा थाप मारायची आणि थाप पडली की पकड त्याच क्षणी सोडायची, हे आधीच ठरवा.

१. समोरच्याचा अंगठा कुठे आहे?

ही तपासणी फुकट आहे, फक्त बघायचं आहे. तरी सर्वांत जास्त वेळा हीच राहून जाते, कारण हात धरला गेला की नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर किंवा स्वतःच्या मुठीवर खिळते.

पकडीत एका बाजूला चार बोटं आणि तळवा असतो, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. अंगठ्याचं टोक आणि बोटांची टोकं जिथे एकमेकांना भेटतात तिथे फट असते. पकडीचं दार तेवढंच. स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने धरून बघा. तळव्याच्या बाजूला कितीही रेटा, काही होणार नाही. फटीकडे थोडा जोर दिला तरी अंगठा उचलला जातो.

आता समोरासमोर. समोरच्याने उजव्या हाताने तुमचं डावं मनगट वरून धरलं, म्हणजे सरळ पकड, तर त्याचा अंगठा तुमच्या पोटाच्या बाजूला, आत येतो. त्याच उजव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरलं, म्हणजे आडवी किंवा क्रॉस पकड, तर अंगठा बाहेरच्या बाजूला जातो. अंगठा आत असेल तर हात आत, विरुद्ध खांद्याकडे न्यायचा. अंगठा बाहेर असेल तर हात बाहेरून, त्याच बाजूच्या कानाकडे. एक पकड सुटते आणि दुसरी सुटत नाही अशी तक्रार असेल, तर तुम्ही दोन्ही पकडींना एकाच दिशेने हात नेत आहात. बहुतेकांचं दुखणं इथेच मिटतं.

२. बोटं आणि मनगट

धरलेल्या हाताची बोटं लोंबकळत असतील तर पंजा मनगटातून वाकतो आणि तुमचा जोर त्या वाकणात जिरतो. मनगट वाकलेलं असताना ओढलं तर सांध्यालाही त्रास होतो. पंजा आणि पुढचा हात, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग, एका रेषेत हवेत.

बोटं उघडी ताणायची की मूठ वळायची, यावर वर्गावर्गांत मतं वेगळी आहेत. नवशिक्यांना मी बोटं एकत्र सरळ ठेवून शुतोसारखा (हाताच्या कडेने मारायच्या फटक्यासारखा) पंजा करायला सांगतो. त्यात मनगट आपोआप सरळ राहतं आणि हाताची कड कुठे वळली आहे हे डोळ्यांना दिसतं. मूठही चालते, मात्र पंच मारताना जशी असते तशी, पाठीमागून सरळ. मूठ गच्च आवळली की कोपर आणि खांदाही गच्च होतात आणि हात वळायचा थांबतो, म्हणून मूठ करणाऱ्यांनी खांद्यावर लक्ष ठेवावं. तो कानाकडे चढलेला दिसला तर मूठ सैल करा.

३. कड फटीकडे वळली आहे का?

मनगट गोल नसतं, चपटं असतं. वरून बघितलं तर रुंद, बाजूने बघितलं तर अरुंद. पुढच्या हातात दोन हाडं आहेत, अंगठ्याच्या बाजूला रेडियस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना, आणि मनगटाशी ती शेजारी शेजारी येतात म्हणून हा चपटेपणा. रुंद बाजूने फटीतून निघायला गेलात तर अंगठा पुष्कळ उघडावा लागतो. अरुंद कडेने निघालात तर थोडक्यात भागतं. पत्र टाकायच्या पेटीत पाकीट आडवं घालतात तसंच हे आहे.

त्यासाठी हात ओढण्याआधी वळवायचा. सरळ पकडीत तळवा जमिनीकडे वळवला की अंगठ्याकडची कड आत, फटीसमोर येते. आडव्या पकडीत तळवा वर, आकाशाकडे वळवला की तीच कड बाहेरच्या फटीसमोर येते. हे वळणं कोपरापासून पुढच्या हाताचं आहे, खांद्याचं नाही. कोपर बरगड्यांजवळ आणि काटकोनात ठेवून वळवून बघा, दोन्हीतला फरक कळेल.

तपासायची सोपी युक्ती आहे. पेनाने अंगठ्याच्या मुळापासून कोपराकडे, हाताच्या कडेवरून एक सरळ रेघ ओढा. जोडीदाराला मनगट धरू द्या. जोर न लावता नुसता हात वळवा आणि थांबा. रेघ त्याच्या अंगठ्याच्या आणि बोटांच्या टोकांच्या मधोमध दिसली पाहिजे. ती त्याच्या तळव्याखाली दडली असेल तर अजून वळायचं बाकी आहे. तिथून पुढे हात काढताना रेघ सगळ्यांत आधी बाहेर पडायला हवी.

सराव झाल्यावर कातडीही बघा. लाल पट्टा मनगटाच्या पाठीवर किंवा आतल्या सपाट भागावर असेल, तर हात चपटा निघतो आहे. कडेवर किंचित लाली असेल तर ठीक. विद्यार्थी मला लालसर मनगट दाखवतात तेव्हा खरचटलंय किती यापेक्षा कुठे, हे मी आधी बघतो.

४. हिकितेची सवय

आता सुरुवातीला म्हटलेली ती सवय. पहिल्या दिवसापासून कराटेत आपण एक हात पुढे मारतो आणि दुसरा कमरेशी खेचतो. ही हिकिते. हजारो वेळा केल्यावर ‘हात मागे घ्या’ म्हटलं की शरीराला एकच रस्ता ठाऊक असतो: सरळ रेषेत कमरेकडे. मनगट धरलेलं असताना हा रस्ता सर्वांत वाईट. कमरेकडे खेचलं की तुमचं मनगट समोरच्याच्या बोटांच्या आणि तळव्याच्या आकड्यात घट्ट बसतं, आणि तुमच्या एका हाताला त्याच्या पूर्ण शरीराच्या वजनाशी झुंजावं लागतं. वजनदार माणसापुढे तिथेच हार होते.

हिकितेतला एक भाग मात्र इथे हवाच, तो म्हणजे पुढच्या हाताचं वळणं. म्हणून मी विद्यार्थ्यांना हिकिते विसरा म्हणत नाही. वळणं ठेवा, सरळ ओढणं सोडा.

ओढण्याच्या जागी काय करायचं? कोपर पुढे न्यायचं. धरलेल्या हाताचं कोपर समोरच्याच्या कोपराच्या दिशेने ढकला आणि त्याच वेळी पंजा वर, आपल्या खांद्याकडे येऊ द्या. कोपर पुढे आणि पंजा मागे असं झालं की तुमचा पुढचा हात पहारीसारखं काम करतो: टेकू त्याच्या तळव्यापाशी आणि सगळा जोर त्याच्या अंगठ्यावर. त्याच्या बाकीच्या शरीराशी तुम्हाला झगडावंच लागत नाही.

जमतंय की नाही हे भिंतीशी उभं राहून कळतं. भिंतीला पाठ टेकवा आणि जोडीदाराला मनगट धरू द्या. मागे जायला जागाच नसल्यामुळे कमरेकडे ओढता येत नाही; कोपर पुढे नेलं तरच हात सुटतो. जे विद्यार्थी मोकळ्या जागेत धडपडतात, ते भिंतीशी उभे राहिले की पटकन सुटतात आणि स्वतःच चकित होतात. मग तीच हालचाल मोकळ्या जागेत करायची.

कोपराची आणखी एक बाजू. ते बाहेर पसरलं तर पंजा वर न येता आडवा जातो आणि जोर एकट्या खांद्यावर पडतो. दुसऱ्या दिवशी खांदा दुखणाऱ्यांनी बाकी काही बघण्याआधी कोपर कुठे असतं ते बघावं. मोबाइल बाजूला उभा करून संथ गतीचा व्हिडिओ काढा. ज्या क्षणी पकड सुटते तिथे थांबवा. त्या क्षणी कोपर बरगड्यांच्या पुढे दिसायला हवं. बरगड्यांच्या मागे दिसलं तर अजूनही ओढणं चालू आहे.

५. हात ताणला गेला असेल तर पाय

वरचं सगळं कोपर वाकलेलं आहे असं धरून झालं. समोरचा खेचतो तेव्हा हात सरळ ताणला जातो, आणि ताणलेल्या हाताचं कोपर पुढे जाणार कुठे? सावकाश सरावात जमतं, खेचल्यावर नाही, ही तक्रार इथली आहे.

उपाय पायात आहे. तो खेचतो त्या दिशेने अर्धं पाऊल आत टाका. कोपर आपोआप वाकतं, पकडीवरचा ताण सैल पडतो आणि त्याच सैल क्षणात हात वळवून कोपर पुढे न्यायचं. मागे हटावंसं वाटणं स्वाभाविक आहे. ती उर्मी सरावानेच जाते. पाऊल आत गेलं की कंबरही वळवा, म्हणजे हाताच्या मागे शरीर येतं.

शोतोकान या कराटे शैलीच्या विद्यार्थ्यांनी हेआन शोदान हा काता आठवून बघावा. उजव्या बाजूला वळून गेदान बराई (खालचा ब्लॉक) केल्यावर पुढचा उजवा पाय थोडा मागे घेतला जातो, हात वर्तुळात वर फिरतो आणि तेत्सुई (हातोड्यासारखी वरून खाली मूठ) मारली जाते. इतर काही शैलींत हाच काता पिनान निदान नावाने शिकवतात. या जागेचा प्रचलित बुंकाई, म्हणजे हालचालीचा प्रत्यक्ष वापर, धरलेलं मनगट सोडवणं. तिथे एकटा हात ओढलेला नाही. पाय, कंबर आणि हात एकत्र हलतात, आणि हात सरळ रेषेत न जाता गोल फिरतो. पाय मागे घेतला असला तरी कोपर वाकलेलं राहतं, हे बारकाईने बघा. कराटेचे जुने गुरू इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळांमध्ये शिकवण्यासाठी हे काते आणले. काता नुसता बेल्टच्या परीक्षेपुरता पाठ केला की ही जागा हातातून निसटते. माझ्या मते मनगट सोडवायचा सर्वांत चांगला सराव या एका हालचालीत आहे, आणि तो एकट्यालाही करता येतो.

६. मोकळा हात

एक हात धरला गेला की दुसरा हात बाजूला लोंबतो. बहुतेकांचा. समोरच्याचाही एक हात मोकळा आहे, आणि तो तुमच्या तोंडाकडे येऊ शकतो. म्हणून मोकळा हात पहिल्या क्षणापासून हनुवटीच्या उंचीवर, उघडा. धरलेला हातही सुटल्यावर कमरेकडे जाऊ देऊ नका. तो खांद्यापाशी वर आलेलाच आहे, तिथूनच तोंडासमोर ठेवायचा. हात सुटतो पण लगेच परत धरला जातो, असं होत असेल तर सुटलेला हात खाली पडतो आहे किंवा तुम्ही आहात तिथेच उभे राहता आहात. सुटल्याबरोबर दोन-तीन पावलं लांब जायचं, हे तंत्राचाच भाग म्हणून शिका.

दोन्ही हातांनी एक मनगट धरलं असेल तर मोकळ्या हाताशिवाय निघत नाही. मोकळा हात त्याच्या दोन हातांच्या मधून वरून घाला, स्वतःचीच मूठ धरा आणि दोन्ही हातांनी वर, मोकळ्या हाताच्या खांद्याकडे आणा. कोपराचा नियम तोच, पुढे.

७. जोडीदार

वरचं सगळं ठीक असून अडत असेल तर धरणाऱ्याकडे बघा. काही जोडीदार मदत म्हणून सैल धरतात. मग चुकीचं तंत्रही चालून जातं आणि चूक पक्की होते. काही जण काय येणार हे माहीत असल्यामुळे आधीच अंगठ्याच्या बाजूला जोर देऊन बसतात. अशी पकड कोणत्याही दिशेने येऊ शकणाऱ्या माणसाला धरताना कुणी देत नाही. पकड आधी हलकी, मग घट्ट पण स्थिर, मग घट्ट आणि खेचणारी, अशी वाढवत न्या. एका पायरीवर दोन्ही हातांनी, दोन्ही पकडी सुटायला लागल्या की पुढची.

खूप ताकदवान माणसाची पकड योग्य तंत्रानेही कधीकधी सुटत नाही. तिथे आणखी जोर लावण्याऐवजी त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं: नडगीवर लाथ, तोंडासमोर झटकलेला मोकळा हात, जोरात ओरडणं. पकड क्षणभर ढिली पडते आणि तेवढ्यात कोपर पुढे. लाथ आणि फटका मात्र सेन्सेईंच्या (शिक्षकांच्या) देखरेखीतच शिका, घरी भावंडांवर नको.

इथे थांबा

दोन-तीन आठवडे नियमित सराव करून आणि वरची प्रत्येक तपासणी करूनही स्थिर पकड सुटत नसेल, तर व्हिडिओ बघत बसू नका. अनुभवी सेन्सेईंना समोर उभं राहून तुमचं मनगट स्वतः धरायला सांगा. धरणाऱ्याच्या हाताला जे कळतं ते कॅमेऱ्यात दिसत नाही.

पुढचं काही झालं तर सराव त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरकडे.

बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला आणि तो सराव संपल्यावरही टिकला. करंगळी-अनामिकेच्या बाजूला असेल की अंगठा-तर्जनी-मधल्या बोटाकडे, हे लक्षात ठेवून सांगा. कोणती नस दबली आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

हात वळवताना मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला कळ येते किंवा कट्ट आवाजासोबत दुखतं. तिथे सांध्याची कूर्चा आणि स्नायुबंध असतात. ते दुखावले असताना वळवण्याचा सराव केला तर दुखणं लांबतं.

सरावात पडून हातावर भार आला आणि अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा पडतो तिथे दाबल्यावर दुखतं. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेमध्ये ही मोड कधीकधी दिसत नाही, म्हणून एक्स-रे साफ आला तरी दुखणं राहिलं तर परत दाखवा. ‘मुरगळलं असेल’ म्हणून महिनाभर काढलेला विद्यार्थी मी पाहिला आहे. त्याला पुढे फार त्रास झाला.

सूज, आकार बदललेला, हात वर उचलता न येणं, खांद्यात निसटल्यासारखं वाटणं: यातल्या कशालाही मालीश किंवा ओढून बसवणं नको. थेट अस्थिरोग तज्ज्ञ.

लहान मुलांसोबत हा सराव करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. पाच वर्षांखालच्या मुलांचा हात मनगटाला धरून झटक्याने ओढला तर कोपराचं हाड जागेवरून थोडं सरकू शकतं. मूल रडतं आणि तो हात वापरायचं थांबवतं. या वयात खेचणारी पकड अजिबात नको. ओरडणं, पळणं आणि मोठ्यांना सांगणं एवढंच शिकवा.

आणि सरावाबाहेर खरोखर कुणी तुमचा हात धरतं आहे, वारंवार, घरात किंवा बाहेर, तर मनगट सोडवणं शिकून तो प्रश्न सुटत नाही. विश्वासातल्या माणसाला सांगा आणि पोलिसांची मदत घ्या. समोरच्याच्या हातात हत्यार असेल तर यातलं काहीही करू बघू नका. तो मागेल ते देऊन निघून जा.